खाणवाल्यांची विहीर

नोकरीत असताना कुणी विचारलं, "तुम्ही काय करता?" तर मी सांगायची, "कोळशाच्या बंद पडलेल्या खाणींवरच्या माणसांसाठी काम करते." समोरचा माणूस आधी माझ्याकडं बघायचा आणि मग खिडकीबाहेर. त्याचं काही चुकत नव्हतं. आपल्या संभाजीनगरच्या चहूबाजूंना काळा खडक आहे, लेणी आहेत, वाळूजचे कारखाने आहेत. कोळसा म्हणाल तर तो इस्त्रीवाल्याच्या दुकानात. माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत वाटत होतं की मी कोळशाच्या वखारीत हिशेब लिहिते.

झालं होतं असं, की आमच्या संस्थेचे साहेब वाळूजला सुट्या भागांचा कारखाना चालवायचे, पण त्यांचं लहानपण विदर्भातल्या एका खाणीच्या वसाहतीत गेलं होतं. वडील तिथं हजेरी घ्यायचे. पुढं ती खाण बंद पडली. साहेब एकदा जुनं घर बघायला म्हणून गेले आणि परत आल्यावर त्यांनी ही संस्था काढली. मी इकडचीच, पिशोर गावची. समाजकार्याचं शिक्षण घेतलेलं, बालवाड्यांचा अनुभव. खाण म्हणजे काय हे मला नोकरी लागल्यावर कळलं.

कारखाना बंद पडला तर माणूस दुसरा कारखाना शोधतो. खाणीचं तसं नसतं. वसाहतीतली वीज खाणीची, नळाचं पाणी खाणीनं उपसलेलं, दवाखाना खाणीचा, शाळेची बससुद्धा खाणीची. कायम नोकरीवाल्यांच्या बदल्या होतात आणि एक दिवस हे सगळं त्यांच्याबरोबर निघून जातं. मागं उरतात ठेकेदाराकडचे मजूर, विधवा, टपरीवाले आणि ज्यांचं मूळ गाव आता फक्त आडनावात उरलंय असे लोक. त्यांना तिथंच काहीतरी उभं करून द्यायचं, नाहीतर दुसरीकडं न्यायचं, हे आमचं काम.

आम्ही मातीच्या ढिगाऱ्यांवर झाडं लावली, खड्ड्यांत साठलेल्या पाण्यात मासे सोडले. शिवणवर्ग काढला. बायका फार सुरेख झबली शिवायच्या, पण त्या वसाहतीत आता कुणाला मूलच होत नव्हतं. तरुण जोडपी केव्हाच निघून गेली होती. झबल्यांचा ढीग कपाटात तसाच पडून राहिला.

खरं सांगायचं तर मला त्या वसाहतीत फिरताना कधी बरं वाटलं नाही. जमिनीखाली राहिलेला कोळसा कुठंतरी धुमसत होता. ऐन पावसाळ्यात एका घराच्या फरशीवर पापड वाळत घातलेले मी पाहिले. फरशीवर हात ठेवला तर आजारी माणसाच्या कपाळासारखी गरम. रस्त्याला पडलेल्या भेगेतून वाफ यायची आणि तिच्याजवळ कुत्री अंग शेकत बसलेली असायची. खाणीच्या तोंडाशी दिवाघर होतं. खाली उतरताना प्रत्येकानं आपला पितळी बिल्ला तिथल्या खिळ्याला टांगायचा आणि दिवा घ्यायचा. वर आलं की दिवा परत देऊन बिल्ला काढून न्यायचा. खिळ्याला बिल्ला आहे म्हणजे माणूस खाली आहे. दिवाघर सांभाळणारा म्हातारा खाण बंद होऊन इतकी वर्षं झाली तरी दाराला कुलूप लावत नव्हता. मी कारण विचारलं, तर म्हणाला, "अजून बिल्ले हायेत ना बाई टांगलेले." भिंतीवर खरंच काही बिल्ले होते, त्यांच्यावर हिरवट बुरा चढला होता.

एका पावसाळ्यात दोन घरं मध्यरात्री जमिनीत गेली. सुदैवानं रिकामी होती. मग साहेबांनी ठरवलं, की ज्यांना यायचंय त्यांना इकडं आणायचं. फुलंब्रीच्या अलीकडं, रस्त्यापासून आत, संस्थेला थोडी जमीन मिळाली होती. तिथं आम्ही खोल्या बांधल्या. तरुणांना वाळूजला कामं लावून दिली. वाळूज लांब पडायचं, पण कंपनीची बस फाट्यावर यायची. आसपासचे लोक त्या वस्तीला खाणवाल्यांची वस्ती म्हणू लागले आणि तेच नाव पडलं.

त्या आलेल्या माणसांतल्या तिघांबद्दल मला सांगायचं आहे.

पहिले दौलतराव रामटेके. ते खाणीत सरदार होते. सरदार ही खाणीतली हुद्द्याची नोकरी. एका पाळीत जितके मजूर खाली उतरतील, त्यांच्या जिवाची जबाबदारी त्याच्यावर. आधी त्यानं आत जायचं, काठीनं छत ठोकून बघायचं, आवाजावरून ते पक्कं आहे की सुटलंय हे ओळखायचं आणि मगच मजुरांना आत घ्यायचं. वर येताना सगळ्यात शेवटी त्यानं यायचं. खाण बंद पडली, बायको गेली, मूलबाळ नाही, तरी सगळे त्यांना सरदारच म्हणायचे. उंच, वाकलेले, फार कमी बोलणारे. मला रोज "जय भीम, ताई" म्हणायचे आणि तेवढ्यावर आमचं संभाषण संपायचं.

दुसऱ्या शेवंताबाई. त्यांचा नवरा खाणीतच गेला होता. आणि तिसरा त्यांचा मुलगा अमर. तिशी ओलांडलेला, वाळूजला एका कारखान्यात होता. खोल्या वाटताना सरदारांनी मला बाजूला घेऊन विनंती केली होती, "ताई, मले टोकाची खोली द्या. शेवंताबाईच्या घराजवळची नको." मला वाटलं, जुनं भांडण असेल. पण शेवंताबाई त्यांच्याशी व्यवस्थित बोलायच्या. भाजी पाठवायच्या. तेच खाली मान घालून निघून जायचे.

वस्तीत पाण्याची अडचण होती. टँकर यायचा, कधी यायचा नाही. विहीर खणायची ठरली, तेव्हा वस्तीतली माणसं पहिल्यांदा हसताना मी पाहिली. बाहेरचे खोदणारे नकोत म्हणाली. "जमिनीत जाणं हाच तर आमचा धंदा हाये ना ताई!" सुटीच्या दिवशी कंपनीतली पोरं यायची, एरवी मोठी माणसं. फक्त यारी बाहेरून आणली. यारी म्हणजे विहिरीतलं डबर वर ओढायचं यंत्र. लोखंडी टोपलं तारेनं खाली जातं, भरून वर येतं. ती चालवायला आमच्या पिशोरचाच बबन होता. त्यानं या भागातल्या कितीतरी विहिरी पाहिल्या होत्या. मला म्हणाला, "ताई, ही माणसं लई येगळी हायती. खाली गेली की गप व्हत्यात. अन् तो म्हातारा रोज सकाळी आधी एकटाच जातो, काठीनं भिंत वाजवून बघतो. म्या असं कुठं बघितलं नाय."

मुरूम संपला, काळा खडक लागला. पाच-सहा परस, म्हणजे तीस-पस्तीस फूट खोल गेलो तरी पाणी नव्हतं. वैशाखातलं ऊन. माणसं दुपारी जेवायला वर यायची नाहीत. खाली सावली होती, गारवा होता, तिथंच डबे सोडायची.

अशाच एका दुपारी बबनचा फोन आला. "ताई, लवकर या. समदी माणसं वर आलीत."

"कुणाला लागलं का?"

"नाय. कुणाला कायबी झालं नाय. पण बोलत नायत कुणी. डबे तसेच खाली टाकून आलेत."

मी शहरातून गाडी काढली. पोहोचले तेव्हा सगळे विहिरीच्या काठापासून लांब, लिंबाखाली बसले होते. एकमेकांकडं न बघता. अमर त्या दिवशी सुटीवर होता, तोही त्यांच्यात होता. सरदार एकटेच काठावर उभे होते.

"काय झालं?" मी विचारलं.

एक-दोघांनी विहिरीकडं बोट दाखवलं. शेवटी अमर म्हणाला, "ताई, तुमी सोता ऐका. आमी सांगून काई उपयोग नाई."

मी टोपल्यात बसले. सरदार माझ्याबरोबर आले. खाली उतरताना आभाळ लहान होत गेलं, एवढं आठवतं. तळाला अर्धवट खाल्लेली भाकरी होती, झाकण उघडे डबे होते, पाण्याची बाटली आडवी पडलेली होती. वर बबननं यारीचं इंजिन बंद केलं. आणि मग मी ऐकलं.

टक. टक. टक. मग शांतता. मग पुन्हा तसंच.

आवाज पूर्वेच्या भिंतीतून येत होता. दगडाच्या आतून. घड्याळासारखा एकसारखा नव्हता. कुणीतरी ठोकतं, मग थांबतं, बाहेरून उत्तर येतं का याची वाट बघतं, आणि उत्तर येत नाही म्हणून पुन्हा ठोकतं, असा होता. सरदारांनी तळवा भिंतीवर ठेवला होता आणि त्यांचे डोळे मिटलेले होते. मला वर जायचं होतं, एवढंच.

वर आल्यावर लिंबाखाली अमरनं मला सांगितलं. खाणीत पाणी घुसलं होतं, तेव्हाची गोष्ट. शेजारच्या जुन्या, बंद केलेल्या भागात वर्षानुवर्षं पाणी साचलेलं. मधली भिंत फुटली आणि ते पाणी चालू खाणीत आलं. बरेच जण पळून वर आले. काही जण आत उंचावरच्या एका भागात अडकले. त्यांत त्याचे वडील होते.

"ते आतून लोखंडी पायपावर ठोकत होते," अमर म्हणाला. "तो पायप वरपर्यंत यायचा. आमी सगळे पायपाले कान लावून ऐकत होतो. ते ठोकत, आमी इकडून ठोकत. आमी चौघं आत जायले तयार झालो होतो. अन् मंग आवाज बंद झाला. सरदारानं सांगितलं, आता कोणी नाई. मंग खाणीचं तोंड बांधून टाकलं."

तो विहिरीकडं बघत म्हणाला, "असंच ठोकत होते, ताई. अगदी असंच."

दिवाघरातले ते बिल्ले कुणाचे होते, हे मला तेव्हा समजलं.

आता माझ्यासारख्या बाईनं काय करायचं? मी जे करता येतं ते केलं. ओळखीच्या एका भूजल अभ्यासकांना बोलावलं. चांगला माणूस. ते खाली उतरले, बराच वेळ ऐकत राहिले. त्यांचं म्हणणं असं पडलं, की आपला खडक थराथराचा आहे, त्यात फटी असतात, आणि जवळपास कुठं बोअर चालू असेल तर ठोके लांबवर ऐकू येतात. पटण्यासारखं होतं. उन्हाळ्यात या भागात बोअरच्या गाड्या जागोजागी चालू असतातच. बबन मोटारसायकल घेऊन आजूबाजूच्या सगळ्या शिवारांत फिरला. जिथं जिथं गाडी चालू होती तिथं हात जोडून थोडा वेळ बंद ठेवायला लावली. त्यानं फोनवर "समदं बंद हाय" म्हटलं, तेव्हा मी आणि ते अभ्यासक तळाशी उभे होतो.

टक. टक. टक.

त्यांनी भिंतीवर हात फिरवून पाहिला. मग म्हणाले, "मॅडम, हे काय आहे ते मला सांगता येणार नाही. एवढं सांगतो, या भिंतीमागं पाणी असावं. भरपूर असावं. जपून."

दुसऱ्या दिवशी शेवंताबाई विहिरीवर आल्या. तोपर्यंत त्यांना कुणी जवळ येऊ दिलं नव्हतं. पदर खोचून सरळ टोपल्यात जाऊन बसल्या. अमर आडवा आला, तर म्हणाल्या, "सर बाजूले." मी त्यांच्याबरोबर गेले. सरदार आधीच खाली होते. काम बंद होतं तरी ते रोज शिडीनं उतरून तिथं बसत होते.

शेवंताबाईंनी भिंतीला कान लावला. मी त्यांचा चेहरा बघत होते. रडतील असं वाटलं होतं, पण त्या फक्त ऐकत होत्या, लांबून येणाऱ्या गाडीची चाहूल घ्यावी तसं. मग त्यांनी तळातला एक दगड उचलला आणि भिंतीवर ठोकला. आतला आवाज थांबला. आणि लगेच, पहिल्यापेक्षा जोरात, उत्तर आलं.

माझ्या तोंडून किंचाळी निघाली असावी, कारण वरून बबन ओरडला, "काय झालं, काय झालं?"

शेवंताबाई वळल्या आणि सरदारांना म्हणाल्या, "भाऊजी, आपल्या खाणीत आवाज कवा बंद झाला होता?"

सरदार भिंतीकडं बघत राहिले.

"मी तुमालेच इचारून रायली."

"बंद नाई झाला," ते म्हणाले. इतक्या हळू, की मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "मी बोललो बंद झाला म्हणून. झाला नव्हता. पाणी चढत होतं. जो आत जाईल तो परत येणार नाई, हे मले दिसत होतं. आवाज येत रायला असता तर पोरं थांबली नसती. मंग मी पायपाले कान लावला अन् म्हणालो, बंद झाला. कोणाले पुन्हा कान लावू देला नाई."

"कोण कोण होते जाणारे?"

"चौघं."

"त्यात अमर होता."

"सगळ्यात पुढं अमरच होता."

भिंतीतून ठोके येतच होते. आम्ही तिघं तिथं किती वेळ उभे होतो, मला माहीत नाही. मग शेवंताबाईंनी हातातला दगड खाली ठेवला, हळूच, आवाज होऊ नये असा, आणि टोपल्यात जाऊन बसल्या.

त्या दिवसापासून त्या कुणाशी बोलल्या नाहीत. चूल पेटवायच्या, अमरचा डबा भरायच्या, पण तोंडातून शब्द नाही. काय झालं ते अमरला कळलं होतं. खाली झालेलं बोलणं वर कुणी सांगितलं नव्हतं, पण विहिरीतला आवाज वर यायला वेळ लागत नाही. सरदारांनी स्वतःला खोलीत कोंडून घेतलं. मी दाराबाहेरून हाका मारल्या तर आतून म्हणाले, "मी जीव देणार नाई ताई, घाबरू नका. पण मी जातो परत तिकडं." खिडकीतून दिसत होतं, त्यांनी पत्र्याची पेटी बांधून ठेवली होती. मला वाटलं, संपलं. वस्ती मोडणार. इतकी वर्षं माणसांना एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी रुजवायचं काम केलं आणि ज्याच्यापासून त्यांना लांब आणलं तेच त्यांच्या पायाखाली येऊन ठोकत बसलंय.

साहेबांना फोन केला. ते म्हणाले, विहीर बुजवा, मी दुसरी जागा बघतो. मी बरं म्हटलं. डंपर सांगितला. तो यायच्या सकाळी मी वस्तीत पोहोचले, तर शेवंताबाई काठावर उभ्या होत्या आणि सगळी वस्ती त्यांच्याभोवती.

"बुजवायची नाई," त्या म्हणाल्या. किती दिवसांनी बोलत होत्या. "कोणी आतून ठोकत असंल तर बुजवायची नसते. खोदा. जिकडून आवाज येते तिकडं खोदा. या खेपेले मधात थांबायचं नाई."

माणसं एकमेकांकडं बघायला लागली. एक जण म्हणाला, "सरदार नसंल तर कोणी आत नाई जाणार."

अमर निघाला आणि टोकाच्या खोलीसमोर जाऊन उभा राहिला. आम्ही सगळे लांबून बघत होतो. हा माणूस आता काय करेल, मारेल की काय करेल, मला काही सांगता येत नव्हतं. तो म्हणाला, "सरदार, पाळी सुरू व्हऊन रायली. चला."

बऱ्याच वेळानं दार उघडलं. सरदारांच्या हातात त्यांची काठी होती.

मी साहेबांना पुन्हा फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुम्ही स्वतः ऐकलाय आवाज?"

"हो."

"मग मी कोण थांबवणार? फक्त एकाचाही जीव जाता कामा नये." डंपरवाल्याला चहा पाजून परत पाठवला.

मी आयुष्यात बरीच कामं पाहिली, पण तसं काम पाहिलं नाही. भिंतीत आडवा बोगदा घ्यायचा होता. सुरुंग नको, सरदारांनी सांगितलं. घण, छन्नी आणि पहार. जसजसे आत जातील तसतसे लाकडी टेकू उभे केले. आत दोघंच, त्यांच्या कमरेला दोर, दोराचं टोक तळाशी उभ्या असलेल्या माणसाच्या हातात. शिडी पक्की करून घेतली. बबन तर म्हणाला, "ताई, मह्या बापानं अन् आज्यानं हिरी खांदल्या, पण ही मान्सं खांदत नायत, कुणाला तरी भेटाया निघाल्यावानी वाटत्यात."

आणि तसंच होतं. आवाज जवळ येत होता. आधी काठावर उभं राहिलं तर कान देऊन ऐकावं लागायचं. मग न देता ऐकू यायला लागला. वस्तीतल्या बायकांनी सांगितलं, की खोलीत भांडी हलतात. पलीकडच्या शेतातल्या लोकांनी बैल इकडं बांधायचं सोडलं. मी दिवस उजाडताच जायची आणि अंधार पडायच्या आत निघायची, आणि घरी आल्यावरसुद्धा माझ्या पायांच्या तळव्यांत तो ठोका असायचा.

शेवटच्या दिवशी ठोक्यांमधली शांतता गेली. सकाळपासून नुसतं ठक-ठक-ठक-ठक, वाट बघणं संपल्यासारखं. शेवंताबाई शिडीच्या तोंडाशी बसून होत्या. दुपारच्या सुमारास खालून सरदारांचा आवाज आला, "दगडाले घाम आला! सगळे बाहेर! हत्यारं टाका, बाहेर!"

माणसं एकामागून एक शिडीनं वर आली. शेवंताबाई प्रत्येकाचं नाव घेत होत्या. अमर वर आला, तो चिखलानं माखलेला होता. सगळे आले. सरदार आले नाहीत.

मी वाकून पाहिलं. ते बोगद्याच्या तोंडाशी उभे होते, भिंतीला कान लावून. त्यांच्या पायाशी पाणी चमकत होतं.

"सरदार, वर या!" अमर ओरडला.

"अजून आवाज येऊन रायला," ते खालून म्हणाले. अगदी शांतपणे. "मी थांबतो. आवाज येते तोवर मी नाई येणार."

अमर शिडीकडं झेपावला. शेवंताबाईंनी त्याचा दंड धरला. एवढीशी बाई, पण त्याला सुटता येईना. त्यांनी एकदा मुलाकडं पाहिलं, एकदा खाली. ठोके इतके मोठे झाले होते की काठावरचे बारीक खडे उड्या मारत होते. आणि शेवंताबाई खाली वाकून खच्चून ओरडल्या,

"भाऊजी! आवाज बंद झाला! मले इथं काईच ऐकू येत नाई! बंद झाला, वर या!"

सरदारांनी मान वर केली. दोघांनी एकमेकांकडं बघितलं. मग त्यांनी भिंतीवरचा हात काढला आणि शिडी धरली. ते अर्ध्यात आले असतील नसतील, तेव्हा बोगद्यातून टेकू बाहेर फेकले गेले आणि त्यांच्यामागून पाणी आलं. अमरनं आणि बबननं त्यांना बगलेत धरून वर ओढलं.

ते चिखलात बसून राहिले. दम खाऊन झाल्यावर शेवंताबाईंना म्हणाले, "खरंच बंद झाला होता का, वैनी?"

"हाव," त्या म्हणाल्या.

मी शेजारीच उभी होते. विहिरीत पाणी चढत होतं आणि त्या पाण्याखालून ठोके येत होते. हळूहळू, बुडत गेल्यासारखे. कितीतरी वेळ. तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला ऐकू येत होते. कुणीही एक शब्द बोललं नाही.

त्याला आता बरीच वर्षं झाली. विहिरीचं पाणी गोड आहे. ते आमच्या अभ्यासकांनी तपासून दिलं, आणि ऐन उन्हाळ्यातही ते कधी तळाला जात नाही. फुलंब्रीकडचे टँकरवाले आता तिथं पाणी मागायला येतात. विहिरीला कठडा आहे, सोलरचा पंप आहे. सरदार दोन वर्षांपूर्वी गेले, झोपेत. जयंतीच्या मिरवणुकीत त्यांचा फोटो असतो. अमरची बदली पुण्याला झाली होती, तो गेला नाही. शेवंताबाई थकल्या आहेत, पण मी गेले की चहा करतात. त्या दिवसाबद्दल मी त्यांना कधी विचारलं नाही आणि त्यांनीही कधी काही सांगितलं नाही. संस्थेनं कामाचं एक पुस्तक छापलं, त्यात या विहिरीचा फोटो आहे आणि खाली "लोकसहभागातून पाणी" असं लिहिलंय. ते खोटं नाही.

निवृत्त झाल्यावरही मी अधूनमधून तिकडं जाते. नवी माणसं राहायला आलीत, वाळूजला जाणारी, परजिल्ह्यातली. त्यांना यातलं काही माहीत नाही. पण एक रीत त्यांनीही न विचारता उचलली आहे. त्या वस्तीत कुणाच्या दारावर कुणी टकटक करत नाही. दार बंद असलं तर बाहेर उभं राहायचं आणि नावानं हाक मारायची. आतून "कोण?" असा आवाज आला नाही, तर पुन्हा हाक मारायची. येईपर्यंत मारायची. मी माझ्या सिडकोतल्या फ्लॅटला बेल बसवली आहे, तरी वीज गेली की कुणीतरी दार वाजवतंच. अशा वेळी घरातले म्हणतात, जाऊ दे, विक्रेता असेल. मी काही करत असले तरी उठते आणि दार उघडते.